सह्याद्रीची झाडे पुस्तकातून ओळखायची तर खर्च किती?

पहिला पाऊस पडला की कासला, माळशेजला, आंबोलीला जाणाऱ्यांची गर्दी वाढते आणि रानफुलांच्या पुस्तकांची चौकशीही सुरू होते. दुकानात मात्र गोंधळ उडतो. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पुस्तकांपैकी एक 300 रुपयांचे, दुसरे 3000 चे, आणि मुखपृष्ठ दोन्हींचे सारखेच देखणे. अशा वेळी किंमत नंतर बघावी, आधी पुस्तक कोणत्या प्रदेशाचे आहे ते बघावे. या छंदात सर्वाधिक पैसे वाया जातात ते भलत्याच प्रदेशाचे पुस्तक घेतल्याने.

‘भारतातील वृक्ष’ अशा थाटाची पुस्तके रस्त्याकडेची आणि बागेतली झाडे छान दाखवतात. गुलमोहर, बहावा, पर्जन्यवृक्ष त्यांत हमखास सापडतात. पण महाबळेश्वरच्या रानातली अंजनी, पिसा किंवा गेळा त्यांत शोधायला गेलात तर बहुधा हात हलवत परत याल. शहरातल्या झाडांपुरतीच हौस असेल तर अशी पुस्तके पुरतात. पुणेकरांसाठी तर श्रीकांत इंगळहळीकर आणि शर्वरी बर्वे यांचे ‘ट्रीज ऑफ पुणे’ आहेच. घाटमाथ्यावर फिरणाऱ्यांनी इंगळहळीकरांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ (2001) आणि त्यानंतरचे ‘फर्दर फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ (2007) यांना पहिली पसंती द्यावी. ही पुस्तके इंग्रजीत आहेत, पण खरे काम छायाचित्रे करतात. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या वाचकांनी सह्याद्रीच्या पुस्तकांवर पहिला खर्च करू नये. तिकडचे रान मध्य भारताचे, म्हणून प्रदीप कृष्ण यांचे ‘जंगल ट्रीज ऑफ सेंट्रल इंडिया’ त्यांच्या अधिक कामाचे.

आता दर. आवृत्तीप्रमाणे आकडे बदलतात, पण अंदाज बांधता येतो. निसर्गावरचे मराठी ललित पुस्तक साधारण 200 ते 500 रुपयांत मिळते. खिशात किंवा पाठपिशवीत मावणारे रंगीत क्षेत्र-मार्गदर्शक 500 ते 1500 पर्यंत जाते. शास्त्रीय ‘फ्लोरा’, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची सविस्तर वर्णने देणारा ग्रंथ, बहुधा अनेक खंडांचा असतो आणि एकेका खंडालाच हजाराच्या पुढे मोजावे लागू शकतात. रंगीत पुस्तक महाग का, याचे उत्तर आर्ट पेपर, चार रंगांची छपाई आणि कमी प्रती यांत आहे. तिथे घासाघीस करू नये. फिकट छपाईत जांभळा आणि निळा यांतला फरकच हरवतो, मग ते पुस्तक कितीही स्वस्त असले तरी रानात निरुपयोगी. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, हेही लक्षात ठेवा. बिलात पुस्तकाच्या किमतीवर तो लावलेला दिसला तर विचारा.

छायाचित्रांच्या पुस्तकावर एक-दोन पावसाळे काढले की मन भरत नाही. एकमेकांसारखी दिसणारी दोन फुले समोर येतात आणि फोटो मुका होतो. इथून पुढे फ्लोरा लागतो. त्यात ‘की’ असते: पाने समोरासमोर की एकाआड एक, उपपर्णे आहेत की नाहीत, पुंकेसर किती, असे एकेक प्रश्न सोडवत नावापर्यंत पोहोचायचे. सुरुवातीला डोके दुखते, पण झाड खऱ्या अर्थाने बघायला शिकवणारी याहून चांगली रीत मला माहीत नाही.

आणि ही रीत शिकायला जवळजवळ काहीच खर्च नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केला. त्याचे हक्क केव्हाच संपले असून इंटरनेट आर्काइव्हवर तो फुकट उतरवून घेता येतो. त्यात मराठी नावेही आहेत. सगळा छापून बांधून घ्यायच्या फंदात मात्र पडू नका. दीड हजारांहून अधिक पाने आहेत. पानाला एक रुपया धरला तरी बांधणी सोडून दीड हजार जातात. हव्या त्या कुळाची पाने तेवढी काढा, खर्च पन्नासच्या आत राहील.

कुक वापरताना दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले नावांचे. कुकने पळसाला ब्युटिया फ्रॉन्डोसा म्हटले, आज ते ब्युटिया मोनोस्पर्मा आहे. त्याचा ऐन टर्मिनालिया टोमेंटोसा, आता टर्मिनालिया इलिप्टिका. क्यू उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर जुने नाव टाकले की नवे मिळते, तेही फुकट. दुसरे हद्दीचे. मुंबई इलाख्यात सिंध होता, कारवार होते, पण विदर्भ आणि निजामाच्या राज्यातला मराठवाडा नव्हता. आजचा सगळा महाराष्ट्र हवा असेल तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 1996 ते 2001 मध्ये काढलेले ‘फ्लोरा ऑफ महाराष्ट्र स्टेट’चे तीन खंड आहेत. गोव्यासाठी त्याच संस्थेने 1985-86 मध्ये काढलेला आर. एस. राव यांचा फ्लोरा आहे. हे खंड घरी घेण्यापेक्षा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून वापरावेत. विकत घेण्याचा विचार अभ्यासकांनीच करावा.

फ्लोरासोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. 200 ते 500 रुपयांत चांगले मिळते.

जुन्या पुस्तकांच्या बाजारात ही पुस्तके अधूनमधून येतात. घेताना रंगीत पाने मोजून बघा, कारण चित्रे कापून विकणारे असतात. कसर लागली आहे का ते शिवणीत डोकावून पाहा. दुर्मीळ म्हणून छापील किमतीच्या तिप्पट कोणी मागितली तर आधी प्रकाशकाला फोन करा. पुष्कळदा प्रती तिथे शिल्लक असतात किंवा नवी आवृत्ती येऊ घातलेली असते. घरी आणल्यावर कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवा.

गावी राहणाऱ्यांना टपालखर्च जड जातो. डाकखात्याने 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत जास्तीत जास्त 100 रुपये, कर वेगळा. पार्सल कुठवर आले हेही कळते. कुरिअरपेक्षा दिवस जास्त लागतात, पण जाड पुस्तकांना ही सोय फार उपयोगी आहे. विक्रेत्याला तसे स्पष्ट सांगा, कारण बरेच जण सवयीने कुरिअरच करतात.

पहिल्या वर्षाचा हिशेब असा मांडता येईल: आपल्या प्रदेशाचे मार्गदर्शक 800, भिंग 300, टपाल 100 आणि एक ललित पुस्तक 300. एकूण 1500. ललित पुस्तक मी मुद्दाम धरले आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (1956) किंवा मारुती चितमपल्लींचे ‘रानवाटा’ वाचलेला माणूस रानात वेगळ्या डोळ्यांनी फिरतो, आणि ओळखीच्या यादीने ते साधत नाही.

एक विनंती. कुकसारख्या जुन्या ग्रंथांच्या पीडीएफ खुशाल वापरा आणि वाटा, पण हक्क शाबूत असलेल्या पुस्तकांच्या चोरट्या प्रती व्हॉट्सॲपवर आल्या तर पुढे पाठवू नका. ही पुस्तके छोट्या आवृत्त्यांत निघतात, आणि पहिली आवृत्ती विकली गेली नाही तर दुसरी निघत नाही. जमेल तेव्हा लेखक-प्रकाशकांकडूनच विकत घ्या.