एक चिप, दोन कामे : ड्रायव्हरचा वर्ग कोणता?

प्रश्न : आमच्या पंप-नियंत्रक बोर्डावरची एक चिप व्होल्टेज पुरवते आणि वॉचडॉगही (प्रणाली अडकली तर ती रीसेट करणारा टायमर) सांभाळते. यू-बूट या बूटलोडरमध्ये तिच्यासाठी नवा वर्ग लिहावा का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, शहापूर (जि. भंडारा)

उत्तर : मुळीच नको. चिप कोणत्या बसवर आहे यावरून वर्ग ठरत नाही, ती काय काम करून देते यावरून ठरतो. यू-बूटमध्ये २०१४ साली ड्रायव्हर मॉडेल आले ते यासाठीच. वॉचडॉगच्या वर्गाला सुरू करणे, थांबवणे, रीसेट करणे अशी मोजकीच कामे ठाऊक असतात. चिप कोणाची, याच्याशी वरच्या कोडला देणेघेणे नसते. तुमच्या चिपसाठी पीएमआयसी (वीजपुरवठा सांभाळणारी चिप) या वर्गातला एक पालक-ड्रायव्हर लिहा. रजिस्टर वाचणे-लिहिणे त्याच्याकडे द्या. त्याच्याखाली रेग्युलेटर आणि वॉचडॉग ही दोन अपत्ये आपापल्या वर्गात जोडा.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळा : बाइंड करताना, म्हणजे उपकरणाला ड्रायव्हर जोडताना, हार्डवेअरला हात लावायचा नाही. ते काम प्रोबचे, म्हणजे उपकरण प्रत्यक्ष वापरासाठी तयार करण्याच्या टप्प्याचे, आणि प्रोब सहसा उपकरण पहिल्यांदा लागेल तेव्हाच होतो. बूट झटपट होतो तो या शिस्तीमुळे. मोह होतो, पण आवरा.

बोर्ड हाती येईपर्यंत थांबू नका. यू-बूटची सँडबॉक्स आवृत्ती लिनक्सच्या साध्या लॅपटॉपवर चालते. वर्गांच्या चाचण्या आधी तिथे वाचा.