३२ जीबीची इमेज, ३२ जीबीचं कार्ड आणि तरीही जागा अपुरी

पुण्यात गुरुवार म्हणजे महावितरणच्या दुरुस्तीचा वार. घरात रास्पबेरी पाय अखंड चालू ठेवणाऱ्यांनी तो लक्षात ठेवलेला बरा. या तळहाताएवढ्या संगणकाची सगळी साठवण बहुधा एका मायक्रोएसडी कार्डावर असते, आणि त्यावर काही लिहिलं जात असतानाच वीज गेली तर फाइल सिस्टिम बिघडू शकते.

कर्वेनगरातल्या एका निवृत्त अभियंत्यांकडे तेच झालं. गॅलरीतलं तापमान आणि पाऊस नोंदवणारा त्यांचा पाय वीज आल्यावर सुरूच होईना. लिनक्सच्या ‘डीडी’ या आज्ञेने काढलेली अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, लॅपटॉपवर होती, म्हणून ते निश्चिंत होते. तपकीर गल्लीतून नवं ३२ जीबीचं कार्ड आणलं, इमेज उतरवायला घेतली आणि अगदी शेवटी जागा संपल्याचा संदेश आला.

वेष्टनावर ३२ जीबी छापलेली दोन कार्डं तंतोतंत सारखी असतीलच असं नाही. काही एमबींचा फरक असू शकतो. डीडी मात्र रिकाम्या जागेसकट सगळं उचलते. शिवाय पायची प्रणाली पहिल्यांदा सुरू होतानाच मुख्य पार्टिशन (कार्डावरचा विभाग) कार्डाच्या टोकापर्यंत वाढवून घेते. त्यामुळे आतला ऐवज पाच जीबींचा असला, तरी इमेज ३२ जीबींचीच होते.

त्यांनी ६४ जीबीच्या कार्डावर इमेज उतरवली, नोंदी परत मिळाल्या. मग इमेज लहान कार्डावरही मावावी म्हणून पार्टिशन आकसवण्याचं काम हाती घेतलं. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. खोलीची भिंत आत घेण्याआधी सामान आत सरकवावं लागतं, तसं आधी फाइल सिस्टिम तपासायची, मग ती लहान करायची आणि त्यानंतरच पार्टिशन. उलट केलं तर शेवटाकडचा मजकूर कापला जातो. पायची एक्स्ट-फोर फाइल सिस्टिम चालू असताना वाढवता येते, पण लहान करता येत नाही. म्हणून कार्ड काढून दुसऱ्या लिनक्स संगणकाला जोडावं. ‘जीपार्टेड’ हे साधन या पायऱ्या योग्य क्रमाने करतं. ‘पायश्रिंक’ हे दुसरं साधन थेट इमेज फाइलवरच चालतं, फाइलही छोटी करतं आणि नव्या कार्डावर पार्टिशन पुन्हा पसरण्याची सोय ठेवतं. मात्र ते मूळ इमेजवर चालवू नये, तिच्या प्रतीवर चालवावं.

दोन धोके आवर्जून सांगायला हवेत. विंडोजला एक्स्ट-फोर वाचता येत नाही, म्हणून कार्ड घालताच ते फॉरमॅट करायचं का असं विचारतं, नाही म्हणावं. आणि डीडी काहीही न विचारता सांगितलेल्या डिस्कवर लिहिते. कार्ड घालण्याआधी आणि नंतर डिस्कची यादी पाहिली, की नाव चुकत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी एका अक्षरापायी जाऊ नयेत.

हे अभियंते आता पाय रीतसर बंद करून इमेज काढतात, आकसवतात, दुसऱ्या कार्डावर उतरवतात आणि त्या कार्डावर पाय सुरू होतो का तेही पाहतात. पावसाच्या नोंदींची फाइल मात्र रोज रात्री वेगळी लॅपटॉपवर जाते. तेवढ्यासाठी अख्ख्या कार्डाची इमेज काढावी लागत नाही.