मुरत जाणारं न्हाणीघर

चि. मनूस,


तू पाठवलेली टाइल्सची चित्रं नीट पाहिली. पोपडे आलेल्या सिमेंटसारखी छपाई, मुद्दाम टवके उडवल्यासारख्या कडा, गंजल्याचा भास देणारे नळ, आणि प्रत्येक चित्राखाली ‘वाबी-साबी’ असं नाव. न्हाणीघरात पाऊल टाकताच जीव निवांत व्हावा ही तुझी इच्छा मला पटते, आणि त्यासाठी तू जपानकडे वळलीस हेही योग्यच. पण या वस्तूंनी ते साधणार नाही. जुनाट दिसणारी छापील टाइल कधी जुनी होतच नाही. ती आहे तशीच राहते, आणि एक दिवस खरोखरीचा टवका उडाला की आतली माती उघडी पडून सगळं सोंग उतरतं. मग ती बदलण्यावाचून इलाज नसतो. ‘वाबी-साबी’ या जपानी विचारातली अपूर्णता म्हणजे वस्तूला वापरानं, पाण्यानं आणि काळानं बदलू देण्याची आपली तयारी. नवेपण टिकवण्यासाठी जे न्हाणीघर रोज पुसत बसावं लागतं ते आपल्याला राबवून घेतं, आणि जे वापरासोबत मुरत जातं तेच विसावा देतं, असं माझं म्हणणं आहे. ते तुला पटावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोळाव्या शतकात चहाविधीला घाट देणारा सेन नो रिक्यू (1522–1591) हा साकाई बंदरातल्या व्यापारी घरातला. क्योतोजवळ यामाझाकीला म्योकिआन मंदिरात ‘ताइआन’ नावाची चहाची खोली आहे. ती त्याची रचना मानली जाते. आतली बसायची जागा अवघ्या दोन तातामी चटयांची, म्हणजे सुमारे 40 चौरस फुटांची. तुझं न्हाणीघरही साधारण तेवढंच. भिंती मातीच्या, गिलाव्यातला पेंढा उघडा दिसणारा. खिडक्या लहान, उजेड मोजका. रिक्यूचा धनी तोयोतोमी हिदेयोशी यानं त्याच काळात सोन्यानं मढवलेली चहाची खोली करवली होती, तेव्हा मातीची भिंत हा नाइलाज नव्हता, विचारपूर्वक केलेली निवड होती. रिक्यूच्या नावावर एक गोष्ट सांगतात. ओकाकुरा काकुझो यांनी 1906 साली इंग्रजीत लिहिलेल्या ‘द बुक ऑफ टी’मध्ये ती आहे. मुलगा बागेतली वाट पुन्हा पुन्हा झाडतो, धुतो, काडीही उरू देत नाही, तरी बापाचं समाधान होत नाही. शेवटी रिक्यू स्वतः बागेत उतरतो आणि झाड हलवून रंगलेली पानं वाटेवर पडू देतो. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण पानांचं कौतुक करतात. मला त्याआधीचं झाडणं जास्त मोलाचं वाटतं. वाट अस्वच्छ असती तर ती पानं नुसता कचरा ठरली असती.

म्हणून गवंडी आणि प्लंबर यांच्याशी बोलताना कुठे अपूर्णता चालेल आणि कुठे अजिबात नाही, याची रेघ आधी आखून घे. नहाणी ट्रॅपकडे फरशीला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवाच. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवण्याआधी, पाणी तुंबवून निदान 24 तास आणि जमलं तर 48 तास ठेव, आणि खालच्या घराच्या छताला ओल धरते का ते स्वतः जाऊन पाहा. गीझरचं अर्थिंग, हवा बाहेर फेकणारा पंखा, उघडणारी खिडकी यांतल्या कशालाही ‘चालतंय’ म्हणू नकोस. भिंतीवरचा हाताचा थर थोडा वर-खाली झाला तर तो डोळ्यांना सुखावतो. उतार वर-खाली झाला तर पाणी साचतं, शेवाळ धरतं, आणि घरातलं वडीलधारं माणूस घसरतं.

जपानी न्हाणीघर निवांत का वाटतं, हे शोधायचं तर त्याच्या रंगरूपाआधी त्यातला क्रम पाहावा लागतो. तिथे अंग घासणं, धुणं हे टबाबाहेर, बसक्या स्टुलावर बसून होतं. सगळा साबण निघून गेल्यावरच माणूस टबात उतरतो, तोही 40–42 अंशांच्या पाण्यात नुसतं बसून राहण्यासाठी. पाणी स्वच्छ राहतं म्हणून घरातली सगळी माणसं एकामागून एक तेच पाणी वापरतात, आणि मधल्या वेळात ते निवू नये म्हणून टबावर झाकण ठेवतात. संडास बहुधा वेगळा असतो. यातलं हिनोकी लाकडाचं टब तेवढं चित्रांत दिसतं आणि आपल्याला तेच हवंसं वाटतं. पण पुण्याच्या उन्हाळ्यात लाकडी टब काही दिवस कोरडं राहिलं की फळ्या आक्रसतात आणि सांधे गळू लागतात. शिवाय जिथे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे रोज टब भरणं मला रास्त वाटत नाही. घ्यायचं ते बसणं घे. आपल्या जुन्या न्हाणीघरांतही पाटावर बसून, घंगाळातलं पाणी तांब्यानं घेऊन अंघोळ होत असे. शॉवर आला आणि अंघोळ उभ्यानं उरकण्याची गोष्ट झाली. तुझ्याकडे एक दगडी किंवा सागवानी बैठक असेल आणि हाताशी येईल इतक्या खाली नळ असेल, तर निम्मं काम झालं असं समज. आणखी एक. तुझ्या इमारतीसारख्या जुन्या इमारतींत संडास आणि न्हाणीघर वेगळे आहेत, आणि मधली भिंत पाडून एकच मोठी खोली करण्याची सध्या टूम आहे. ती भिंत पाडू नकोस. जपानी घरांत जे मुद्दाम करतात ते तुला आयतं मिळालं आहे.

उजेडाबद्दल जपानी लेखक तानिझाकी जुनइचिरो यांनी 1933 साली सावल्यांच्या सौंदर्यावर जो निबंध लिहिला तो तू मिळवून वाच. त्यात संडास आणि न्हाणीघराबद्दल त्यांनी अतिशय गंभीरपणे लिहिलं आहे. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीचा आणि चकाकत्या धातूचा त्यांना त्रास होई. स्वतःच्या घरात त्यांनी टाइल टाळून कापराच्या लाकडाच्या फळ्या घातल्या. पण फ्लशचं भांडं लाकडाचं करवून घेण्याचा खर्च परवडेना, तेव्हा नेहमीचं पांढरं भांडं बसवलं. ही तडजोड त्यांनी मोकळेपणानं नोंदवली आहे आणि सोयी-स्वच्छतेचं महत्त्वही नाकारलेलं नाही. तूही कमोड चांगला, सहज धुता येईल असा, पांढराच घे. छताच्या मधोमध लख्ख पांढरा दिवा मात्र नको. 2700 केल्विनचा पिवळसर दिवा आरशाच्या बाजूला, चेहऱ्याच्या उंचीवर लाव. मंद उजेडात मळ दिसणार नाही, आजीला पायाखालचं दिसणार नाही, ही शंका रास्त आहे. त्यासाठी वेगळ्या बटणावर दुसरा प्रखर दिवा ठेव, साफसफाईला आणि गरजेला.

आता साहित्य. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरसमूहात कोहोआन इथे ‘किझाएमोन’ नावाचा एक वाडगा जपून ठेवला आहे. तो मूळचा कोरियातला, अनाम कुंभारानं रोजच्या वापरासाठी केलेला. जपानी चहारसिकांनी त्याला सर्वश्रेष्ठ ठरवलं. यानागी सोएत्सु (1889–1961), ज्यांनी 1936 साली टोकियोत लोककलेचं संग्रहालय उभं केलं, त्यांनी या वाडग्याबद्दल लिहिताना असं मांडलं की त्याचं सौंदर्य कुंभाराच्या मनात सौंदर्याचा विचार नव्हता म्हणूनच उतरलं. पुढच्या काळात चहासाठी मुद्दाम वाकडी केलेली भांडी त्यांना आवडत नसत. तुझ्या छापील टाइलविरुद्ध याहून भक्कम साक्ष मला देता येणार नाही. तेव्हा जे साहित्य काहीही सोंग न घेता बदलतं ते निवड. जमिनीला पॉलिश न केलेला कोटा किंवा शहाबादी. ओला पाय त्यावर कमी घसरतो आणि तो दगड वर्षागणिक पायवाटेच्या जागी मऊ होत जातो. मात्र हे चुनखडीचे दगड आहेत, अ‍ॅसिड ओतलंस तर पृष्ठभाग खाल्ला जाईल. सौम्य साबण आणि खराटा पुरे. पाणी थेट न उडणाऱ्या भिंतींना चुन्याचा गिलावा कर. पेशवाईतल्या वाड्यांतला घोटीव चुना तुला ठाऊक आहे. तो करणारा कारागीर मिळाला नाही तर हट्ट धरू नकोस, साधा सिमेंटचा घोटा चालेल; त्याला केसासारख्या भेगा जातील, आणि खालचं वॉटरप्रूफिंग नीट असेल तर त्यांनी काही बिघडत नाही. नळ पितळेचे, वरून लॅकर न मारलेले. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्या मॅट नळावर सर्वांत आधी उठून दिसतात आणि तो नळ कायम मळका वाटतो; पितळेवर ते काळपट झाकेत सामावतात, आणि हवं तेव्हा चिंचेनं घासता येतात. लाकडाची जाळी पायाखाली हवी असेल तर सागवानी घे, जमिनीला ठोकू नकोस, रोज उचलून उभी करता आली पाहिजे. बांबू आवडला तरी टाळ. आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

तुझा भाऊ म्हणेल की हे सगळं श्रीमंतांचं गरिबी मिरवणं आहे. या आक्षेपात तथ्य आहे. रिक्यूच्याच काळात चहाची साधी भांडी सरदारांमध्ये बक्षिसं म्हणून दिली जात आणि त्यांच्या किमती गगनाला भिडत. पण मी सुचवलेला दगड, चुना, पितळ यांतलं काही दुर्मीळ नाही, आणि एखादी फरशी फुटली तर तेवढीच बदलता येते, शेजारच्या फरशांशी रंग तंतोतंत जुळलाच पाहिजे असं नसतं. हिनोकीचं टब जपानहून मागवलं असतं तर भावाचं म्हणणं मला निमूट मान्य करावं लागलं असतं. दुसरा आक्षेप असा की आजच्या जपानी घरांत यातलं फारसं काही नाही. तेही खरं. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकसाठी हॉटेल न्यू ओतानी वेळेत उभं करायचं होतं, तेव्हा टोटो कंपनीनं कारखान्यात तयार झालेली अख्खी न्हाणीघरं तिथे बसवली, आणि नंतर तशीच प्लास्टिकची न्हाणीघरं घरोघर गेली. त्यांतही टबाबाहेर अंग धुण्याची जागा आहे, झाकण आहे, बसका स्टूल आहे. म्हणजे साहित्य बदललं तरी क्रम टिकला, आणि म्हणूनच मी क्रमाबद्दल साहित्याच्या आधी लिहिलं. राहता राहिली सजावट. ज्या अमेरिकन लेखकामुळे ‘वाबी-साबी’ हा शब्द पाश्चात्त्य सजावटकारांच्या तोंडी रुळला, त्या लेनर्ड कोरेननं 1994 साली त्या विषयावरचं पुस्तक लिहिण्याआधी अनेक वर्षं स्नानाला वाहिलेलं ‘वेट’ नावाचं मासिक चालवलं होतं, आणि 1996 साली त्यानं न्हाणीघरांवरच ‘अनडिझायनिंग द बाथ’ हे पुस्तक काढलं. सजावट कमी करण्याचा सल्ला त्या शीर्षकातच आहे. तेव्हा बुद्धाची मूर्ती, गोटे भरलेली काचेची बरणी, जपानी अक्षरांची पाटी यांतलं काही आणू नकोस.

काम दिवाळीनंतर काढ, चुन्याला वाळायला कोरडी हवा मिळेल. फडताळं, खुंट्या, टॉवेलची दांडी हे पहिल्याच महिन्यात ठोकू नकोस. आंघोळ करताना हात कुठे जातो ते तुझं तुलाच कळेल, आणि मगच भिंतीला भोक पाड. गवंडी ठरला की उताराचा कच्चा आराखडा आणि ट्रॅपची जागा मला पाठव, मी पाहून कळवते. आईला नमस्कार सांग, आजीला साष्टांग दंडवत.

तुझी,
आत्या