आधी जागा ठरवा, मग यंत्र

पालकहो,

बारावीचा निकाल लागला की लेकरू म्हणतं, "बाबा, लॅपटॉप नको, पीसी असेंबल करून घेऊ." ऐकता ऐकता तुमच्या डोळ्यांपुढे गेम उभा राहतो. गेम त्यात आहेच, आणि ते त्यानं उघड सांगितलं असेल तर चांगलंच. पण त्याच यंत्रावर ते कोडिंग शिकणार, ऑटोकॅड चालवणार, व्हिडिओ एडिट करणार, हेही खरं आहे. म्हणून "गेमसाठी एक रुपया मिळायचा नाही" असं म्हणून विषय बंद करू नका. आधी एवढंच विचारा, की पुढची चार वर्षं तू राहणार कुठं?

नांदेड, संभाजीनगर किंवा पुण्याच्या होस्टेलवर जायचं असेल, तर लॅपटॉपच घ्या. एका खोलीत तिघं-चौघं, दरवर्षी बदलणारी खोली आणि दिवाळीला गच्च भरलेल्या रेल्वेतून घरी येणं, यात कॅबिनेट आणि मॉनिटर कोण सांभाळणार?

पण लेकरू परभणीतच राहणार असेल, १९७२ पासूनच्या आपल्या कृषी विद्यापीठात शिकणार असेल किंवा घरी बसून काम करणार असेल, तर त्याचं म्हणणं नीट ऐका. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो. नाव सारखं दिसलं म्हणून फसू नका. आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड डेस्कटॉपमध्ये १२ जीबी मेमरीचं येतं, लॅपटॉपमधलं त्याच नावाचं ८ जीबीचं, आणि ते कमी विजेवर चालवावं लागतं. शिवाय आपला मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पंखासुद्धा गरम हवा फेकतो, तेव्हा बंदिस्त लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. कॅबिनेट उघडून धूळ झाडता येते, पंखा वाढवता येतो. दोन वर्षांनी रॅम किंवा एसएसडी कमी पडली तर तेवढीच बदलायची. मात्र प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते, म्हणून जीएसटीचं पक्कं बिल घ्या.

विजेचा हिशेब मात्र लेकरं विसरतात. लॅपटॉपला बॅटरी असते. डेस्कटॉप लाईट गेली की तिथंच बंद, आणि सेव्ह न केलेलं काम गेलं. त्यामुळे यूपीएस हा डेस्कटॉपच्या किमतीतच धरा. तो काम सेव्ह करून यंत्र नीट बंद करण्यापुरता असतो, तासभर गेम खेळायला नाही. गेम चालू असताना असा पीसी सहज ३००-४०० वॅट ओढतो; तो भार घरच्या इन्व्हर्टरवर टाकू नका. घराचं अर्थिंग तपासून घ्या. आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग, स्वस्तातला नको. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" हा बाणा इथं चालत नाही.

आता तुमच्या मनातली खरी भीती, म्हणजे गेम. डेस्कटॉप बैठकीत ठेवता येतो, लॅपटॉप पांघरुणात जातो. पण बैठकीत ठेवला म्हणून मागे उभं राहून पहारा देऊ नका. कामाच्या आणि खेळाच्या वेळा दोघांनी मिळून ठरवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. हा फरक लेकराला सांगा आणि आपणही समजून घ्या. पैशाचा खेळ नाही, यावर ठाम राहायला तेवढं ज्ञान उपयोगी पडतं.

आणि नुसतं ऑफिसचं टायपिंग, एक्सेल, ऑनलाइन क्लास एवढंच असेल, तर ग्राफिक्स कार्डाचा खर्च करूच नका. साधं यंत्र पुरतं.

शेवटी एक करा. पार्टची यादी, दोन दुकानांचे भाव, यूपीएस, मॉनिटर आणि कोणत्या कामाला काय लागतं, हे सगळं लेकरालाच कागदावर मांडायला लावा. मग बजेटचा आकडा तुम्ही सांगा, आणि त्या आकड्यात काय ठेवायचं, काय सोडायचं, हे त्याला ठरवू द्या.