पोरीला गहू सोसत नाही

मंडळी, चपातीची कणीक मळताना हाताला काय लागते, ते जरा आठवा. कणीक चिवट होते. ओढली तर ताणते. आता ज्वारीचे पीठ घ्या. ते तसे ताणते का? नाही. त्यात गरम पाणी घालावे लागते, जोर लावून मळावे लागते. तरीही थापताना भाकरीच्या कडेला चिरा पडतात.

घरी एक करून पाहा. कणकेचा लिंबाएवढा गोळा घ्या आणि पाण्यात हलक्या हाताने चोळा. पांढरे पाणी निघून जाते. शेवटी हातात रबरासारखा चिकट लगदा राहतो. हाच गव्हाचा चिवटपणा. डॉक्टर लोक त्याला ग्लूटेन म्हणतात. गव्हात तो आहे, सातूतही तसाच असतो. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत तो नाही.

तुम्हाआम्हाला त्याचा काही त्रास नाही. पण काही माणसांना तो सोसत नाही. त्या दुखण्याला सीलिॲक म्हणतात.

आमच्या रात्रीच्या वर्गाला चाकणजवळच्या एका वाडीतल्या बाई येत. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. मुलगी सहा वर्षांची, पण दिसायची चार वर्षांची. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे. दिवसातून चार-पाच वेळा परसाकडे जायची. कोणी जंताचे औषध दिले, कोणी टॉनिक दिले. आजीने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. रक्त वाढावे म्हणून लोहाच्या गोळ्या दोन वर्षे चालल्या, पण रक्त काही वाढेना.

शेवटी २०२२ साली पिंपरीच्या एका डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी करायला लावली. मग तोंडातून बारीक नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला आणि तो तपासला. तेव्हा दुखणे सापडले.

आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. खाल्लेल्या अन्नातला कस ही लव शोषून घेते. सीलिॲक असलेल्या माणसाने गहू खाल्ला, की त्याचे शरीर त्या चिवटपणाला वैरी समजते. त्याच्याशी लढताना स्वतःचीच लव झिजवून टाकते. लव गेली की आतडे गुळगुळीत होते. मग दूध द्या, तूप द्या, सगळे वाहून जाते. पोर जेवते, पण अंगी लागत नाही.

हे दुखणे एकाचे दुसऱ्याला लागत नाही. ते रक्ताच्या नात्यातून येते. म्हणून एकाला निघाले तर आईबाप आणि भावंडे यांचीही तपासणी करावी. मोठ्यांनाही ते होते. सगळ्यांनाच जुलाब होतात असे नाही. कुणाचे नुसते रक्त कमी राहते, कुणाची हाडे दुखतात, कुणा बाईला दिवस राहत नाहीत. उत्तर भारतात तपासण्या झाल्या, तेव्हा शंभरात एकाच्या आसपास हे दुखणे आढळले. दक्षिणेकडे ते बरेच कमी आहे. आपल्या पिंपरी-चिंचवडला आणि चाकणला कामासाठी सगळ्या मुलखांतली माणसे आली आहेत. तेव्हा हे आपल्याकडचे नाही, असे म्हणून चालत नाही.

डॉक्टर म्हणाले, गहू बंद. औषध काही नाही. जन्मभर गहू बंद.

घरी आजी रडल्या. म्हणाल्या, “सूनबाई, लेकराला चपातीपासून तोडू नका गं. आम्ही भाकऱ्या खाऊन दिवस काढले. आता कुठं घरात पगार आलाय.”

त्यांचे दुःख आम्हाला कळते. आमच्या पाहण्यातही कारखाने आले तशी घरोघरी चपाती आली. भाकरी गरिबाची, चपाती पगारदाराची, असे होऊन बसले. पाहुण्यापुढे भाकरी ठेवायला बायांना लाज वाटू लागली. आमचे मत विचाराल तर ही लाज खोटी आहे. पण ती आहे, हे खरे.

गहू हेच या दुखण्याचे मूळ, हे जगाला फार उशिरा समजले. युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. तिथे डिक नावाचे मुलांचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात मोठी उपासमार झाली. पाव मिळेना. लोक कंद उकडून खाऊ लागले. चांगली धडधाकट माणसे खंगली. पण या दुखण्याची मुले मात्र सुधारू लागली. पुढे पाव परत आला आणि ती मुले पुन्हा आजारी पडली. डिक यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. तो त्यांनी नीट तपासला आणि १९५० साली लिहून काढला.

आता आपल्या बाईंकडे येऊ. त्यांनी चपाती बंद केली. पाव, बिस्कीट, रवा, शेवया, मैदा, सगळे बंद केले. पोरीला बाजरीची भाकरी, मावळातल्या इंद्रायणी तांदळाचा भात, वरण, भाजी, अंडे. महिन्याभरात जुलाब कमी झाले, पण थांबले नाहीत. वजन जागचे हलेना.

का? पहिले कारण गिरणीत निघाले. गिरणीवाला आधी शेजारणीचा गहू दळायचा, मग त्याच गिरणीत यांची बाजरी घालायचा. पाळीत आणि कापडी नळीत उरलेले गव्हाचे पीठ बाजरीच्या पिठात यायचे. आपल्याला वाटते, चिमूटभराने काय होते? या दुखण्यात चिमूटही फार होते. ‘ग्लूटेन-फ्री’ असे छापून माल विकायचा असेल, तर किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, असा आपल्या देशातला नियम आहे. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. यावरून काय ते समजा.

घरघंटी घ्यायला पैसे नव्हते. मग आजींनीच माळ्यावरचे जाते उतरवायला लावले. ते स्वच्छ धुतले, त्याला टाकी लावून घेतली. आता त्यावर गहू दळायचा नाही, असे ठरले. पोरीचा तवा वेगळा, परात वेगळी. घरातले बाकीचे चपाती खातात, पण आधी पोरीची भाकरी भाजून झाकून ठेवतात.

दुसरे कारण बाईंनी स्वतः शोधले. त्या तेव्हा आमच्या वर्गात जोडाक्षरे शिकत होत्या. घरी जे दिसेल ते वाचायचे, असा आम्ही अभ्यास दिला होता. एका संध्याकाळी त्यांनी हिंगाची डबी वाचायला घेतली. तिच्यावर हिंदीतही मजकूर होता. एकेक अक्षर लावत त्या वाचू लागल्या आणि थांबल्या. ‘गेहूं का आटा’ लिहिले होते. बाजारचा हिंग नुसता नसतो. खरा हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि बऱ्याचदा गव्हाचे पीठ मिसळतात. रोजच्या वरणाच्या फोडणीतून तो पोरीच्या पोटात जात होता.

त्या दिवसापासून घरात आलेला पुडा वाचल्याशिवाय फुटत नाही. मजकूर नुसता इंग्रजीत असला तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यावा. ‘व्हीट’ म्हणजे गहू, ‘बार्ली’ म्हणजे सातू. ‘माल्ट’ बहुतेक वेळा सातूचाच असतो, दुधात घालायच्या पुडीत तो सापडतो. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. बेसनाचा वडा चालेल असे वाटते, पण त्याच कढईत मैद्याचा समोसा तळलेला असतो. पूजेचा शिरा रव्याचा असतो. तिथे प्रसादाला नाही कसे म्हणायचे, हा मोठा पेच. बाई केळे मागून घेतात आणि ते पोरीच्या हातावर ठेवतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हा धडा वाचून उद्याच गहू बंद करू नका. तपासणीच्या आधी गहू सोडला, तर रक्तात दुखणे दिसत नाही आणि डॉक्टर फसतात. आधी तपासणी, मग पथ्य. ज्याला दुखणे नाही, त्याने चपाती खुशाल खावी.

मुलगी आता शाळेत जाते. डब्यात भाकरी असते. सुरुवातीला पोरे हसायची. बाईंनी शाळेत जाऊन सगळे समजावून सांगितले, तेव्हा ती थांबली. होळीला घरात पुरणपोळी झाली, तेव्हा आजींनी तांदळाची उकड काढली आणि तिच्यात पुरण भरून मोदक केले. सहा केले होते. पोरीने चार खाल्ले, दोन शेजारच्या मैत्रिणीला दिले.