शल्यनिमित्त नाडीव्रण : रॉड-प्लेट बसविलेल्या भग्नातील पूयस्राव

ऊसतोडीचा हंगाम आटोपून धारूर, वडवणी, पाटोद्याकडील मजूर गावी परततात, तेव्हा आपल्यापैकी अनेकांकडे एक ठरावीक रुग्ण येतो. ट्रॉलीच्या अपघातात नडगी किंवा मांडीचे हाड मोडलेले, कारखान्याकडील गावीच रॉड वा प्लेट बसविलेली आणि टाक्यांच्या व्रणातून पू येणारे एक बारीक छिद्र. ‘तेवढं छिद्र बुजवा’ एवढीच त्याची मागणी असते.

ते बुजवू नये. सुश्रुताचार्यांनी शल्यनिमित्त नाडी स्वतंत्र सांगितली असून तिच्या चिकित्सेत विदारण, शल्यनिर्हरण व मार्गशोधन हे रोपणाच्या आधी येते. येथे पेच असा की, शल्यच भग्नाला स्थिर धरून असते. धातूवर जंतू, बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, चिकट आवरण करून राहतात. त्यात प्रतिजैविकाचा प्रभाव फार कमी पडतो. हाड जुळलेले नसून शल्य घट्ट असेल, तर सामान्यतः ते ठेवून मृत ऊती काढतात, कित्येक आठवडे प्रतिजैविके देतात व हाड जुळल्यावर धातू काढतात. शल्य सैल असल्यास ते काढून बाहेरून चौकट बसवावी लागते. हा निर्णय अस्थिशल्यचिकित्सकाचा. छिद्रातील पुवाच्या तपासणीवर विसंबू नये, शस्त्रक्रियेत घेतलेले खोल नमुनेच खरे.

प्रस्तुत लेखकाने पूर्वी अशा एका रुग्णास गंधक रसायन व जात्यादि तैलाचा पिचू दिला. छिद्र बुजले, आम्ही समाधान मानले. पावसाळ्यात मांडी सुजून ताप भरला. मार्ग बंद झाला होता, शल्य व पू आतच होते. या नाडीत क्षारसूत्र वा वर्ती घालण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

औषधविक्रेत्यांनीही पाच दिवसांच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत. त्याने पू तात्पुरता थांबतो आणि पुढे खोल नमुन्यात जंतू वाढत नाहीत. सेफिक्सिमसारखी औषधे 2014 पासून अनुसूची एच-1 मध्ये आहेत. चिठ्ठी व नोंद दोन्ही बंधनकारक आहेत.

आपल्या हाती उरते ते असे : त्रिफळा क्वाथाने भोवतालची त्वचा स्वच्छ ठेवणे, रक्तशर्करा पाहणे, तंबाखू-मिसरी सोडविणे (हाड जुळण्यास ती मोठा अडथळा आहे) आणि जुनी क्ष-किरण चित्रे व शस्त्रक्रियेचे कागद देऊन रुग्णास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात धाडणे. ताप किंवा सूज असल्यास त्याच दिवशी. एरवीही विलंब नको. मुकादमाची उचल घेतलेली असली, तर दसऱ्यानंतर तो पुन्हा फडावर निघतो.