दारातली मूठभर पालेभाजी

महिनाअखेर आली की बाजाराच्या पिशवीतून सगळ्यात आधी काय गळतं, ते आठवून बघा. तांदूळ गळत नाही, तेल गळत नाही, चहा-साखर तर मुळीच नाही. गळते ती पालेभाजी. तिने पोट भरत नाही, ती दुसऱ्या दिवशी पिवळी पडते, आणि एवढी मोठी जुडी शिजली की पातेल्याच्या तळाला बसते. मग पोरांच्या ताटात डाळ-भात-बटाटा आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात उरलेला भात आणि चटणी.

रेशनचं धान्य आपला हक्क आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळायला हवं. ते पूर्ण मोजून घ्या, कमी दिलं तर भांडा. कुंडीत गहू पिकत नाही, आणि कुणी तुम्हाला ‘घरीच पिकवा, सरकारकडे कशाला मागता’ असं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. पण रेशनच्या दुकानात भाजी नसते. नेमकी ती उणीव दारातून भरून काढता येते, आणि आजचा धडा तेवढ्यापुरताच आहे.

ही उणीव रक्तात दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता, म्हणजे तो वाढला. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळांमध्ये तो जवळजवळ ६९ टक्के आहे. जिना चढताना दम लागणं, पायात गोळे येणं, खालच्या पापणीची आतली बाजू पांढरट दिसणं, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, ही त्याची लक्षणं. पुष्कळ बायका याला ‘कामाचा थकवा’ म्हणतात आणि वर्षानुवर्षं तसंच ओढतात. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे. ते ७-८ च्या आसपास किंवा त्याहून खाली असेल तर भाजीवर विसंबू नका, डॉक्टर गाठा. आशाताईंकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्याही चालू ठेवा: गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, शाळेतल्या मुला-मुलींना आठवड्याला एक. पालेभाजी गोळीची जागा घेत नाही. गोळ्या संपल्यावर परत घसरण होऊ नये, यासाठी ती आहे.

आता लावायचं काय? मला विचाराल तर पहिला मान शेवग्याचा. शेंगा आपण विकत आणून खातो आणि पाला शेळीला घालतो. खरं तर पाल्यात लोह, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व आणि क जीवनसत्त्व असं सगळं एकत्र आहे. मोबाइलवर त्याच्या चमत्कारांचे जे मेसेज फिरतात, ते सोडून द्या. शेवग्याने मधुमेहाची गोळी सुटत नाही. भाजी म्हणून मात्र तो एक नंबर आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मनगटाएवढी जाड, हात-दोन हात लांब फांदी लावली की फुटते. बी पेरलं तरी चालतं. जमीन नसेल तर पिंपात किंवा मोठ्या गोणीत लावा आणि कमरेएवढा झाला की शेंडा खुडा. म्हणजे तो उंच न जाता पाल्याने डवरतो. कोवळा पाला डाळीत, थालीपिठात, भाकरीच्या पिठात घाला. शेवटी घाला, फार शिजवू नका. मुळं आणि साल कुणीही औषध म्हणून खाऊ नये, गरोदर बाईने तर अजिबात नाही.

दारात शेवगा नको, असं काही घरांत अजून सांगतात. त्यात अशुभ वगैरे काही नाही. फांदी ठिसूळ असते, वाऱ्यात मोडते आणि पोर चढलं तर पडतं, एवढंच. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात, त्यांना हात लागला की अंग खाजतं. तेव्हा मोठं झाड असेल तर ते दारापासून चार पावलं लांब, गल्लीच्या मोकळ्या टोकाला लावा. विहाराच्या किंवा अंगणवाडीच्या कुंपणाला जागा असेल तर उत्तमच. एका गल्लीला एक मोठं झाड पुरतं, घरटी एक लागत नाही.

दुसरी मायाळू. तिची वेल वीतभर तोडून मातीत खोचली की लागते, खिडकीच्या गजावर चढते, थोड्या सावलीतही तग धरते आणि वर्षभर पाने देते. तिसरा लाल माठ: बी भुरभुरलं की महिन्याच्या आत भाजी. मेथीला वेगळं बी आणायला नको, फोडणीच्या डब्यातले मेथीदाणे पेरा. धने हलकेच रगडून दोन भाग करून पेरले की कोथिंबीर येते. बाजारातून आणलेल्या पुदिन्याच्या काड्या खोचून ठेवा. अळू लावायचा तर चिंच घालून नीट शिजवा, नाहीतर घसा खाजेल. आणि तो गटाराच्या कडेला उगवलेला कधी आणू नका.

हे शेवटचं वाक्य मी जोर देऊन सांगते आहे. मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेली भाजी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, आणि खाल्लीही आहे. सांडपाण्यात जंत आणि जुलाबाचे जंतू असतात, कारखान्याचं पाणी मिसळलं असेल तर शिशासारखे धातूही. जंतू धुऊन, शिजवून कमी होतात. धातू शिजवूनही जात नाहीत. म्हणून माती रस्त्याकडेची, गॅरेजजवळची किंवा भंगाराच्या ढिगाखालची घेऊ नका. रंगाचे, फवारणीच्या औषधाचे, बॅटरीचे डबेही नकोत. सिमेंटची गोणी धुऊन घ्या, तेलाचा पंधरा किलोचा डबा चालतो, मासळी बाजारातली थर्माकोलची पेटी तर फारच सोयीची, हलकी आणि खोल. तळाला भोकं पाडा. एक भाग माती, एक भाग जुनं शेणखत आणि एक भाग सुका पालापाचोळा किंवा नारळाचा भुसा. नुसत्या मातीने डबा जड होतो आणि पत्र्यावर ठेवला तर छत वाकतं. सिमेंटच्या पत्र्यावर तर पाय देऊन कुणी चढू नये. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर आणि त्यांचा ‘प्रयोग परिवार’ यांनी हे काम साध्या माणसांपर्यंत नेलं. सुक्या पानांतून सुपीक माती बनवायची, हा त्यांचा आग्रह वस्तीत अगदी कामाला येतो, कारण पानं फुकट मिळतात.

पाण्याचं काय, हा प्रश्न येणारच. नळ तासभर, रांग लांबलचक. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत जमवा; चार-पाच डब्यांना तेवढं पुरतं. साबणाचं पाणी नको. डब्याखाली ताटली ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासून पुसा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. भाजीसाठी डबे मांडले आणि गल्लीत डेंग्यू आला, असं व्हायला नको. हे पाणी घालायचं काम मुलग्यांकडे द्या. बाईच्या दिवसात आणखी एक काम घालायला आपण निघालेलो नाही.

भाजीवर लिंबू पिळा. पाल्यातलं लोह अंगाला लागायला त्याने मदत होते. जेवणाबरोबर चहा नको, आधी-नंतर तासभर थांबा. आणि जमेल तेव्हा अंडं, सुकट, कलेजी खा. सुकट-कलेजीतलं लोह पाल्यापेक्षा सहज लागतं. आपल्या घरांतलं हे खाणं लपवायचं कारण नाही.

जमिनीचा विषय निघाला की आपल्या माणसांना जुनं आठवतं. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला आणि लोक पडीक जमिनीसाठी तुरुंगात गेले. आपल्या आज्या तांदुळजा, घोळ, कुर्डू हे सगळं दुसऱ्यांच्या बांधावरून खुडून आणायच्या, म्हणून त्या भाज्यांना ‘गरिबाची भाजी’ हे नाव चिकटलं आणि शहरात आल्यावर आपण ती टाकून दिली. भाजीचा दोष त्यात काहीच नव्हता. वस्तीत आज पायाखालची जमीन आपली नाही, उद्या पालिकेची नोटीस येऊ शकते. म्हणून मी गोणी आणि डबा सांगते. घर हललं तर गोणीही हलते.

एकट्या घराने हे फार दिवस चालत नाही. कुणी गावी जातं, कुणाचं बाळंतपण येतं आणि झाडं वाळतात. पाच-सहा घरांनी मिळून करा. एकाने माठ, एकाने मेथी, एकाने मायाळू लावायची आणि पाला वाटून घ्यायचा. कुणी गावी गेलं तर शेजारच्याने पाणी घालायचं. माठाचं एक झाड न खुडता राखून ठेवा. त्याच्या तुऱ्यात सगळ्या गल्लीला पुरेल एवढं बी असतं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, रोजंदारी बुडाली, भाजीची गाडी येईना, तेव्हा आमच्या गल्लीत दोन घरांच्या मायाळूवर एका ओल्या बाळंतिणीचं आणि तिच्या सासूचं ताट चाललं. ते कुणी ठरवून केलं नव्हतं. आता ठरवून करता येईल. यादी करा: गल्लीत गरोदर कोण, बाळंतीण कोण, एकटं म्हातारं माणूस कोण. पहिला खुडा त्यांचा.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. ग्रंथवाचनाला बाया रोज विहारात जमतातच, पाऊसही सुरू झालेला असतो. येताना एकीने शेवग्याची फांदी आणावी, एकीने मायाळूची वेल, एकीने कागदाच्या पुडीत माठाचं बी. पुडीवर नाव आणि महिना लिहा. नाहीतर कुठलं बी कशाचं, ते नंतर ओळखू येत नाही.